एका झटक्यात सुटणारा पट्टा

कुणाच्या गळ्यात कॅमेरा दिसला की माझं लक्ष आधी पट्ट्याकडे जातं. माणूस कोण, कुठला, कॅमेरा केवढा, ते सगळं नंतर. पट्टा मानेवर रुततोय का, टाका कुठे उसवलाय, आणि वेळ आली तर तो एका हातानं सुटेल का, हे मी बघून घेते. माझी मुलगी म्हणते, "आई, लोकांच्या गळ्याकडे असं टक लावून बघू नकोस, मंगळसूत्रचोर समजतील." समजोत बापडे. ही खोड मला निवृत्तीभाऊंनी लावली आणि आता ती माझ्याबरोबरच जाणार.

माझं बॅगा शिवायचं दुकान पंचवटीत, कारंजाकडून गंगेवर उतरणाऱ्या एका बोळात. नाशकात गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. दुकान म्हणजे एक मशीन, एक कपाट आणि मी. शाळेची दप्तरं, यात्रेकरूंच्या तुटलेल्या चेनी, गुरुजींच्या पोथ्यांच्या पिशव्या, असली कामं. शिवणाला मी पक्की आणि तोंडाला फटकळ. दोन्हीची ख्याती बोळात सारखीच आहे.

निवृत्तीभाऊ गंगेवरचे फोटोवाले. मोबाइलमध्ये कॅमेरे यायच्या आधीची गोष्ट. तेव्हा घाटावर दहा-बारा फोटोवाले असत. यात्रेकरू स्नान करून वर आला की त्याच्या मागे लागायचं, नदीच्या पात्रातल्या उंच दुतोंड्या मारुतीच्या पुढे उभं करायचं, वहीत पत्ता लिहून घ्यायचा आणि फोटो टपालानं गावी पाठवायचा. बाकीचे फोटोवाले घसा फोडून ओरडायचे. निवृत्तीभाऊ ओरडत नसत. ते यात्रेकरूच्या शेजारी जाऊन नुसते उभे राहत, नदीकडे बघत, आणि थोड्या वेळानं म्हणत, "घरी गेल्यावर पोरं इचारतील, कुठं जाऊन आले? काय दाखवणार त्यांना?" माणूस आपोआप केसांवरून हात फिरवायला लागे.

फोटो काढताना ते कुणाला हसायला सांगत नसत. "हाय तसे ऱ्हा," एवढंच म्हणत. कुणी उगाच दात काढले तर कॅमेरा खाली करून थांबत. माझा आणि माझ्या मुलीचा त्यांनी काढलेला एक फोटो घरात आहे. त्यात मी कुणाला तरी आत्ता शिवी देणार आहे असं दिसतं. तो माझा सगळ्यात खरा फोटो आहे.

उंच माणूस, खांदे रुंद, अंगात दोन खिशांचा पांढरा शर्ट. एका खिशात पत्त्यांची वही आणि दुसऱ्यात फिल्मच्या रोलची काळी प्लास्टिकची डबी. डबीत चुना असणार असं मी धरूनच चालले होते. तेव्हा निम्मी पंचवटी त्या डब्यांत चुना नाहीतर लवंगा ठेवायची.

मूळचे ते सायखेड्याचे, म्हणजे गंगेच्याच काठावर वाढलेले. "बापानं पाठीला वाळका भोपळा बांधला अन् दिलं ढकलून," असं सांगायचे. "चौथ्या दिशी भोपळा सोडला. पाचव्या दिशी मी पल्याड." त्यामुळे घाटावर कुणाचा पाय घसरला की हाक निवृत्तीभाऊंनाच. कॅमेरा काढायचा, फुलवालीच्या पाटीवर ठेवायचा आणि उडी घ्यायची, हे त्यांनी इतक्यांदा केलं होतं की हाताला सवयच झाली होती. आधी कॅमेरा, मग उडी. किती माणसं काढली असं विचारलं तर चिडायचे. "मोजायला त्या काय मेथीच्या जुड्या हायेत?"

आता पट्टा बांधायची पद्धत सांगते, कारण सगळं तिथेच अडलं. एका उन्हाळ्यात गर्दीत धक्का लागून एका फोटोवाल्याचा कॅमेरा गंगेत गेला. तेव्हापासून सगळे फोटोवाले पट्टा मानेवरून घेऊन काखेखालून काढायचे, लांबवलेलं टोक कमरेला वेढा देऊन बांधायचे आणि वर निरगाठ मारायचे. धक्का बसो, कुणी ओढो, कॅमेरा अंगावरच राहायचा. सुरगाठ मारली तर ओढताच सुटते, म्हणून निरगाठ. दिवसभर घाटावर पाणी उडायचं आणि ती गाठ भिजून दगडासारखी व्हायची. संध्याकाळी घरी गेल्यावर दाभणानं सोडवायची.

त्याच वर्षीचा श्रावण होता. पाणी मारुतीच्या गुडघ्याच्या वर होतं. बाहेरगावचं एक जोडपं आलेलं, पंचविशी-तिशीतलं. बाई घाटावरून पाण्यात गेली. निवृत्तीभाऊ तिच्यापासून चार-पाच हातांवर. बघणारे सांगतात, त्यांचा हात सवयीनं गाठीवर गेला तो गेलाच. गाठ सुटेना. पट्टा डोक्यावरून ओढायला गेले तर काखेत अडकला. कुणीतरी ओरडलं, "अहो, तसेच मारा ना उडी!" तेव्हा ते भानावर आले आणि कॅमेऱ्यासकट पाण्यात गेले. तोवर ती पुलाखालून पुढे गेली होती. खालच्या अंगाला सापडली, तीही यांनाच सापडली. यांनीच उचलून काठावर आणली आणि तिच्या नवऱ्यापुढे ठेवली.

पंधरा दिवसांनी ते माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. कुठून तरी जुना कॅमेरा मिळवला होता, तो फडक्यात गुंडाळून आणलेला.

"ताई, पट्टा शिवायचा हाय."

"कसा?"

"एका हातानं सुटंल असा. ओल्या हातानं. न बघता. एका झटक्यात."

मी म्हटलं, "बाजारात मिळतात की तयार."

"सगळे इचारून आलो. ते समदे न सुटायसाठी केलेत."

खरंच होतं ते. जगातला प्रत्येक पट्टा माणसानं वस्तू पडू नये म्हणून केलेला, आणि या माणसाला पडू देणारा पट्टा हवा होता. मलाही त्याचा नाद लागला. त्यांच्या मनातली आग मला दिसत होती, आणि माझ्या हाताला काम येत होतं. आपल्याला जे येतं त्यानंच आपण दुसऱ्याचं दुःख बुजवायला जातो, दुसरं काय करणार!

पहिला पट्टा टिचबटणांचा केला. तो तपासायची रीत त्यांचीच. कॅमेऱ्याऐवजी चिंध्यांत गुंडाळलेली अर्धी वीट पट्ट्याला लावायची. त्यांनी दाराशी माझ्याकडे पाठ करून उभं राहायचं. मी माझं शिवत बसायचं आणि मध्येच कधीतरी अचानक ओरडायचं, "पडली!" की त्यांनी पट्टा सोडायचा. तोंडानं मोजत असत. एक म्हणायच्या आत सुटला तर ठीक. दोन आलं की पट्टा नापास.

टिचबटणं एकाच्या आत सुटली. पण ती न ओढताही सुटायची. एका नव्या जोडप्याचा फोटो काढता काढता कॅमेरा सुटला आणि भाऊंनी तो चक्क पायावर झेलला. लंगडत लंगडत दुकानात आले. अंगठ्याचं नख काळंनिळं.

"फुटबॉल खेळता का काय?" मी म्हटलं.

"पायानं झेलला ताई, पर वाचला," म्हणाले आणि हसले. त्या सगळ्या वर्षांत ते मोजून दोनदा हसले असतील. त्यातलं हे एक.

दुसरा पट्टा वेलक्रोचा. ओढला की कर्रर्र करून सुटायचा. निवृत्तीभाऊ घाटावर उभे राहून दिवसातून पन्नास वेळा सराव करायचे आणि पन्नास वेळा कर्रर्र. चौथ्या दिवशी दशक्रियेचे एक गुरुजी तणतणत माझ्या दुकानात.

"बाई, तुम्ही त्याला काय शिवून दिलंय? पिंडाला कावळा शिवायला आलेला, अगदी चोच पुढे केलेली, आणि तुमच्या त्या कर्ररनं उडाला! यजमान दीड तास उन्हात उभे. मेलेल्याची कुठली इच्छा राहिली म्हणून मुलगे एकमेकांवर उठले!"

मी तोंडाला पदर लावून हसले. हसले खरी, पण तो पट्टाही गेला. चार पाण्यांत वेलक्रोला दोरे, फुलं, केस चिकटून त्याची वात झाली.

तिसऱ्याला कुत्र्याच्या साखळीचा हूक लावला. कोरड्या हातानं छान सुटायचा. ओल्या हातानं बोट सटकायचं. त्या दिवशी मी "पडली!" म्हटलं आणि ते मोजायला लागले. एक. दोन. तीन. हूक तेव्हा सुटला. निवृत्तीभाऊ माझ्या पायरीवर बसले.

"तीन झाले ताई. तीनात माणूस जातं."

मी म्हटलं, "दुसरा करू."

"लय दिस झाले. रोज घाटावर जातो. रोज कुनीतरी पायरी चुकतं. अन् मी हा फास घालून उभा." हूक त्यांनी काढून माझ्याकडे सरकवला. मला त्यांची कीव आली आणि मग माझाच राग आला, की एक साधा पट्टा आपल्याला जमू नये!

मानेची तर त्यांनी पार दशा करून घेतली होती. अरुंद पट्टा, जड कॅमेरा, त्यात ओलं अंग. मानेवर बोटभर रुंदीचा वण पडला होता, कधी सोलायचा, कधी काळा पडायचा. मी एका पट्ट्याला मानेच्या जागी फोम घातला आणि वरून धुऊन मऊ झालेलं लुगड्याचं अस्तर लावलं. रोज दहा तास गळ्यात वागवायचा पट्टा आहे, सुखाचा नको का? त्यांनी तो हातात घेतला, अंगठ्यानं दाबून पाहिला, आणि माझ्याच टेबलावरचं ब्लेड उचलून फोम कापायला लागले.

"अहो, अहो! काय करताय?"

"मऊ नको."

"मान सोलून निघालीय तुमची!"

"कळ लागली की ध्यान ऱ्हातं, ताई."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "निवृत्तीभाऊ, मान तुमची असेल, पण पट्टा माझा आहे. माझ्या हातचा पट्टा गिऱ्हाइकाची मान कापत फिरणार नाही. ठेवा ते ब्लेड!" त्यांनी ब्लेड ठेवलं, पण फोमचा पट्टा काही नेला नाही. पुढच्या पट्ट्यात मी दोन थरांच्या मध्ये लोकरीचा पातळ नमदा घालून चारही बाजूंनी शिवून टाकला, कुणाला दिसणार नाही असा. त्यांना कळलं की नाही, कुणास ठाऊक.

एक दिवस भर दुपारी त्यांच्या मंडळी आल्या. सिंधूवहिनी. मी त्यांना तोवर पाहिलंही नव्हतं. बारीकशी बाई, हातात भाजीची पिशवी. आत आल्या आणि पिशवी खाली न ठेवताच म्हणाल्या, "ताई, तुमच्या पाया पडते, ह्यांना पट्टा शिवून देऊ नका."

मी स्टूल पुढे केलं. बसल्या नाहीत.

"घरात मला 'पडली' म्हणायला लावत्यात. जेवता जेवता म्हण, मागून येऊन म्हण, झोपेतून उठवून म्हण. मी काय बायको हाय का घाटावरचा भोंगा? नाय म्हणलं तर स्वतःच म्हणत्यात अन् स्वतःच सोडत्यात. घास टाकून उठत्यात. कोन पडतंय वो ताई आमच्या घरात रोज?"

आणि रडायला लागल्या. मी त्यांना शब्द दिला, की यापुढे पट्टा शिवणार नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले, तेव्हा मी तसं सांगितलं. कारणही सांगितलं. पायरीवर बसून राहिले. गिऱ्हाइकं त्यांना ओलांडून आत येत होती. दुपारी मी डबा खाल्ला, त्यांना दिला, त्यांनी नको म्हटलं. उन्हं बोळातून वर सरकली तेव्हा उठले आणि म्हणाले, "बरं ताई. मंग जुनाच बांधतो." त्या श्रावणातला गाठीचा पट्टा त्यांनी पिशवीतून काढला, मानेवरून काखेखालून कमरेला वेढला, आणि वर निरगाठ मारायला लागले. बोटं गाठीवर आली आणि तिथेच थांबली. त्यांच्यानं ती गाठ मारवेना. नुसतेच ते दोन्ही टोकं धरून उभे.

मी म्हटलं, "द्या इकडे." सिंधूवहिनींची मी गुन्हेगार आहे, ते आजही कबूल करते.

त्या आठवड्यात मी नाशकातल्याच द्वारका चौकात गेले. तिथे गाड्यांची सीट-कव्हरं शिवणाऱ्यांची दुकानं आहेत. एकाकडून गाडीच्या सीटबेल्टची पट्टी आणली, रुंद, गुळगुळीत, मानेला न टोचणारी. डोंगर चढणाऱ्यांच्या पाठपिशवीला असतो तसला प्लास्टिकचा चापही तिथेच मिळाला. दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबला की खट्कन सुटतो आणि एरवी कितीही ओढा, हलत नाही. तो मी डाव्या छातीवर येईल असा लावला, म्हणजे उजवा हात सरळ तिथेच पडेल. हात बादलीत बुडवून त्यांनी दाराकडे तोंड केलं. मी मशीन चालवत राहिले. मग म्हटलं, "पड..."

'ली' म्हणायच्या आत वीट जमिनीवर होती.

"पुन्यांदा," ते म्हणाले. पुन्हा केलं. किती वेळा केलं, माझा घसा बसला. शेवटी मी म्हटलं, "पण भाऊ, खरा कॅमेरा असला तर फुटेल की!"

"फुटू द्या," म्हणाले, आणि हसले. ते दुसरं हसणं. मग माझ्या मशीनला हात लावून त्यांनी तो हात कपाळाला लावला. माझे डोळे भरून आले. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

तो पट्टा त्यांनी पुढे कितीतरी वर्षं वापरला. मधल्या काळात रोल गेले, डिजिटल कॅमेरे आले, दहा मिनिटांत फोटो हातात मिळायला लागला. निवृत्तीभाऊंनीही तसला कॅमेरा घेतला. पट्टा तोच. दर दिवाळीला येऊन चापाची शिवण तपासून घ्यायचे. आता रोल वापरत नव्हते, तरी ती काळी डबी खिशात होतीच.

मग तो दिवस आला, आणि मी तिथे होते. श्रावणच, सकाळची वेळ. गुरुजींच्या पिशव्या द्यायला मी घाटावर गेले होते. पाणी बऱ्यापैकी चढलेलं. एक जाडसर गृहस्थ कमरेभर पाण्यात उभे होते, ते एकदम दिसेनासे झाले. लोक ओरडले, "पडला! पडला!" निवृत्तीभाऊ चार पायऱ्यांवर होते. त्यांचा हात छातीवर गेलेला मी पाहिला. खट् आवाज मला ऐकू आला. कॅमेरा दगडावर आपटला, काच फुटली. एक म्हणायच्या आत सगळं झालं.

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला माझ्या शिवणाचा अभिमान वाटला. आधी तोच वाटला. मग मी पाहिलं, तर निवृत्तीभाऊ जागचे हलले नव्हते. हात छातीवर तसाच, पट्टा दोन्ही बाजूंनी लोंबतोय, आणि ते पाण्याकडे बघत उभे. पायच उचलेना त्यांचा. घाटावरचे दोघे पोहणारे खालून आले, त्यांनी त्या गृहस्थांना काखेत धरून काढलं. पाणी ओकून ते शुद्धीवर आले, त्यांची बायको देवाचं नाव घेत रडत होती. निवृत्तीभाऊंकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. एक माझंच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टा आणून माझ्या टेबलावर ठेवला. घडी घालून.

"पट्टा चांगला हाय, ताई. पट्ट्याचा दोष नाय."

मी शिवण बघायला पट्टा उचलला, तर म्हणाले,

"तव्हाबी पट्ट्याचा दोष नव्हता."

आणि मग इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते ते बोलले. "त्या बाईच्या मालकाला सगळा मारुती पाहिजे व्हता फोटोत. तो कापला जात व्हता. म्या म्हणलं, बाई, एक पायरी मागं सरा. ती म्हणली, शेवाळ हाय भाऊ. म्या म्हणलं, काय नाय होत, सरा. मी हाय ना."

बाहेरून रिक्षाचा हॉर्न वाजत होता.

"ती सरली. म्या म्हणलं, हाय तशा ऱ्हा. बटन दाबलं. मंग पडली."

खिशातून त्यांनी ती काळी डबी काढली. "ह्यात हाय ती. मागं सरलेली. माझ्यासंगं भिजलाय हा रोल, येतो का नाय ठाव नाय. धुवायची छाती झाली नाय. मालकानं पत्ता लिहून दिल्ता वहीत. कोन्या तोंडानं धाडू?"

'तुमची चूक नाही हो' असं म्हणायला हवं होतं. पण ते खोटं झालं असतं, आणि फोटोवाल्याला खोटा चेहरा लगेच कळतो. मी चहा मागवला. त्यांनी घेतला नाही. डबी टेबलावर ठेवली, म्हणाले, "हे तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. माझ्यानं आता नाय वागवत," आणि गेले. मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं आणि आत बसून पोटभर रडले.

ती डबी अजून माझ्या बकलांच्या खणात आहे. रोल धुणारे आता राहिले नाहीत, आणि राहिले असते तरी मी दिला नसता.

पुढे वर्षभर ते घाटावर दिसले नाहीत. सिंधूवहिनी एकदा बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "सायखेड्याला हायेत. गंगेकडं पाठ करून बसत्यात दिसभर." एवढं बोलून त्या भाजी निवडायला लागल्या. माझ्याकडे त्यांनी नीट पाहिलंही नाही, आणि का पाहावं?

मग एका पावसाळ्याच्या तोंडाला सकाळी दुकान उघडते, तर निवृत्तीभाऊ पायरीवर. गळ्यात काही नाही. पांढरा शर्ट, दोन्ही खिसे रिकामे.

"ताई, पट्टा शिवायचा हाय."

किल्ली कुलपात तशीच ठेवून मी विचारलं, "आता कसला?"

"लांब. बारा हात. अन् सुटायला नको. कसाबी सुटायला नको."

मला आधी समजेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. म्हातारी माणसं, बायका खालच्या पायरीवर उतरतात, धरायला काही नसतं. साखळ्या आहेत त्या गर्दीत पोचत नाहीत. पट्ट्याचं एक टोक वर राहील, दुसरं त्या उतरणाऱ्या माणसाच्या हातात. "मी धरून बसंन," म्हणाले.

मी पुन्हा द्वारकेला गेले. सीटबेल्टची पट्टी आणली आणि चार-चार टिपा मारून शिवली. दर हातभर अंतरावर मुठीत मावेल असा फासा केला. वरच्या टोकाला एक मोठा फासा, घाटाच्या पायरीत जुनी लोखंडी कडी आहे तिच्यात अडकवायला. आणि मुठीच्या जागी फोम घालून वरून लुगड्याचं मऊ अस्तर लावलं. मनात म्हटलं, कापायचं तर कापा. त्यांनी पट्टा हातात घेतला, सगळ्या टिपा ओढून पाहिल्या, आणि अंगठा त्या अस्तरावर आला तेव्हा थांबले.

"मऊ हाय," म्हणाले.

"हो."

"ऱ्हाऊ द्या."

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर महिन्याभरानं. पाणी मारुतीच्या पोटरीला लागलेलं. मी पिशव्या घेऊन घाट उतरत होते. खालच्या पायरीवर एक आजी, नऊवारीतल्या, गुडघाभर पाण्यात. हातात माझ्या पट्ट्याचा फासा. तीन पायऱ्या वर निवृत्तीभाऊ, पाय रोवून उभे. त्यांचा तो हळू आवाज ऐकू आला. "मागं नका सरू, आजी. पुढं या. हाय तिथंच ऱ्हा."

मी सवयीनं पट्टा बघत गेले, खालून वर. टिपा धडधाकट होत्या. कडीपाशी नजर गेली तर कडी रिकामी. वरचा मोठा फासा त्यांनी उलगडून टाकला होता, ते टोक कमरेला दोन वेढे देऊन बांधलं होतं, आणि वर निरगाठ. भिजून आवळलेली. ती आता दाभणानंही सुटली नसती.

मी जवळ गेले. "भाऊ," मी म्हटलं, "कडीला लावा ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नजर पाण्यावर. "कडी जुनी हाय, ताई," म्हणाले.

खालून आजींनी विचारलं, "का रे बाबा, सुटायचा तर नाही ना हा?"

"नाय सुटत, आजी. मला बांधलाय."

आजींनी एका हातानं पट्टा घट्ट धरला, दुसऱ्या हातानं नाक धरलं आणि बुडी मारली. त्या वर येईपर्यंत निवृत्तीभाऊंनी श्वास घेतला नाही. मीही घेतला नाही.